मालकीणबाईंचा गुडघा

नाही, आणि वर हे लोक मलाच विचारतात, "एवढं घाबरायला काय झालंय तुम्हाला?" घाबरायला काय झालंय! अहो, तुमच्या घरात रोज संध्याकाळी जो दिवा लागतो ना, तो जर त्र्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या गुडघ्यावर लागत असेल, आणि ती बाई तुमच्या नात्याची नाही, गोत्याची नाही, भाषेची नाही, समुद्रापलीकडे कुठंतरी बर्फात राहते, आणि बर्फ म्हटलं की निसरडं आलंच... तर तुम्ही काय कराल? पाय पसरून झोपाल? तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. कारखान्यात एकदा गॅसची नळी सुटली, सगळे पळाले, मी जागचा हललो नाही. आता पायच उचलत नव्हते ती गोष्ट वेगळी, पण हललो नाही हे तर खरं! तर मी घाबरट नाही. पण म्हाताऱ्या माणसांनी मला घाबरवून सोडलंय हो...

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

आमचा कारखाना बाबागाड्यांचा. तान्ह्या पोरांना बसवून ढकलत नेतात ना, त्या. मी तिथं रंगखात्याचा मुकादम. लोखंडी सांगाडे आकड्याला टांगून येतात, आम्ही त्यांच्यावर रंग फवारतो, मग ते भट्टीत जातात, भाजून निघतात, चाकं लागतात, आणि कुणाच्या तरी घरी बाळ रडत असतं तिकडे रवाना होतात. सगळा जन्म त्या भट्टीच्या तोंडाशी गेला माझा. कारखान्यात मला सगळे 'रेडिओ' म्हणतात. का म्हणतात ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि इतकी वर्षं मला वाटायचं, कारखान्याचे मालक म्हणजे आमचे मोठे साहेब. वाटणारच की! सगळ्यात मोठी खोली त्यांची, सगळ्यात मोठी गाडी त्यांची, सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. तर एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये गोळा केलं. चेहरा असा, की जणू आत्ताच दाढ काढून आलेत, आणि तीही चुकीची. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मालक येतायत."

मागून कोणीतरी विचारलं, "मग तुम्ही कोण, साहेब?"

साहेब म्हणाले, "मी? मी नोकर. तुमच्यासारखाच. फक्त माझ्या खोलीत एसी आहे."

साहेबही नोकर? मग मी कोण? नोकराचा नोकर? आणि मालक कोण, तर ऐका. दूर तिकडे एक शहर आहे. त्या शहरातले निवृत्त लोक. ट्राम चालवणारे, पाण्याच्या नळांवर काम करणारे, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी पेन्शनसाठी जे बाजूला टाकलं, त्याचा एक मोठा फंड, आणि त्या फंडानं आमचा कारखाना कधीच विकत घेतलेला! म्हणजे आम्ही इतकी वर्षं ट्राम ड्रायव्हरांच्या हाताखाली काम करतोय, आणि आम्हाला पत्ता नाही!

मी सरळ आमच्या हिशेबखात्यातल्या बाईंकडे गेलो. शांत बाई. म्हटलं, "बाई, मला एकच सांगा. यांनी आपला पैसा आपल्या गावात का नाही ठेवला? इतक्या लांब का धाडला?"

बाई म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडे पोरंच होत नाहीत फारशी. सगळा देश पिकलेला. तिथं नवा कारखाना काढून त्यात काम करणार कोण? तेव्हा हे लोक कमावते होते, हातात पैसा होता आणि त्याला काम नव्हतं. आपल्याकडे हात होते आणि हातात पैसा नव्हता. म्हणून तो इकडे आला."

"बरं झालं की मग!"

"बरं होतं," बाई म्हणाल्या. ते 'होतं' ऐकलं ना मी... "आता ते सगळे निवृत्त झाले. आता त्यांना टाकायचं नाही, काढायचंय. दर महिन्याला घरभाडं, औषधं, दात. म्हणजे पैसा परत जायला लागणार. शिवाय इथं तरी आता तरुण कोण उरलंय? तुमच्या खात्यात बघा की. पैशाला तरुण माणसं लागतात."

मी म्हटलं, "बाई, पैसा आहे का जावई? सासू-सासरे धडधाकट आहेत तोवर मुक्काम ठोकायचा आणि ते म्हातारे झाले की बॅग उचलायची?"

बाई हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्या हसल्या असत्या ना, तर मी घाबरलो नसतो.

कारण आमच्या शेजारीच शाळेची बाकं बनवणारा कारखाना होता. होता! आता फाटकाला साखळी, आत कमरेएवढं गवत, आणि पहारेकऱ्याचं स्टूल अजून तसंच दाराशी उन्हात उभं, एक पाय वाकडा. त्याचेही मालक असेच कुठले तरी लांबचे म्हातारे. तिथला वेल्डर माझा दोस्त. आता मेव्हण्याच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे नुसता बसतो हो! येताजाता त्याला बघितलं की मी पलीकडच्या कडेनं चालतो. तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही, पण सत्तावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? मला तर मेव्हणासुद्धा नाही!

तर साहेबांनी फर्मान काढलं. काय फर्मान? "पाहुण्यांना फक्त तरुण माणसं दिसली पाहिजेत! इथं जवानी सळसळतेय असं वाटलं पाहिजे! ज्यांचे केस पिकलेत त्यांनी त्या दिवशी गोदामात बसायचं. दिवे बंद. बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि शिंकायचं तर मुळीच नाही!"

मी म्हटलं, चला, गोदामात तर गोदामात, निदान पंखा आहे. तर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "रेडिओ, तुम्ही गोदामात नाही. पाहुण्यांना कारखाना तुम्ही दाखवायचा."

"मी? साहेब, माझे केस बघा! कापसाचं दुकान आहे!"

"काळे करा. तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याला प्रश्न विचारायला जागाच राहत नाही. मला तेच पाहिजे. वय विचारलं तर बेचाळीस सांगा."

बेचाळीस! माझी लेक एकोणतीस वर्षांची आहे हो! मी काय तेराव्या वर्षी...? जाऊ द्या.

घरी आलो. हिनं मला मोरीजवळ स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती जुना टॉवेल, आणि जुन्या टूथब्रशनं डोक्यावर काळं थापायला लागली. "हलू नका. कान रंगेल. बेचाळीस म्हणे! बेचाळिसाव्या वर्षी तरी कुठं बेचाळीसचे दिसत होता?"

तेवढ्यात लेक आली. मी घाबरलेलाच होतो, भीतीच्या भरात तोंडातून गेलं, "बघ बाई, तुम्ही पोरी लग्न करत नाही, केलं तर मूल होऊ देत नाही, मग बाबागाड्या घेणार कोण? सगळं इथूनच सुरू होतं!"

ती दारात कंबरेवर हात ठेवून उभी. "बाबा, तुमचा कारखाना चालावा म्हणून मी मूल जन्माला घालू?"

"तसं नाही गं... पण एखादं..."

ही मागून ब्रशनं माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "गप्प बसा! डोळ्यांत जाईल." गप्प बसलो. बसावंच लागतं.

आणि तो दिवस उजाडला. फाटकात गाडी थांबली, आणि आतून, कारखाना ठेवायचा की काढायचा ते ठरवायला फंडानं निवडलेले पाच मालक उतरले. उतरले म्हणजे काय, उतरवले! एकेकाला उतरायला इतका वेळ लागत होता, की साहेबांचं स्वागताचं हसू मधे दोनदा सुकलं आणि त्यांनी ते पुन्हा ताजं केलं. तिघं तर नुसतीच मान डोलावणारी, उन्हानं सुस्तावलेली माणसं. पण दोघांची ओळख करून देतो, कारण माझं सगळं आयुष्य त्या दोघांत अडकलंय.

एक आजी. लहानशी, वाळलेली, डोळे मात्र लखलखीत. जन्मभर ट्राम चालवली. हातात काठी, उजवा गुडघा दुखरा. दुसरे आजोबा, ताडासारखे उंच. ते पाणीपुरवठ्यात होते. काम काय, तर जमिनीखाली नळ कुठं गळतोय ते कान लावून शोधायचं. चाळीस वर्षं त्या माणसानं फक्त गळती ऐकली! आम्ही मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं, गळतीवाले. आणि सोबत एक दुभाषी मुलगी. तिचा आवाज असा सपाट, की 'आग लागली' आणि 'चहा घेणार का' यांत तिच्या तोंडून काही फरक कळू नये.

मी सुरू झालो. "या, या, हे कापायचं खातं, हे वाकवायचं, इथं जोडकाम, बघा किती तरुण मुलं, त्या कोपऱ्यातला तर इतका तरुण आहे की काल..." थांबतोय कोण! थांबलो असतो तर कोणीतरी वय विचारलं असतं. तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही, पण ते गळतीवाले आजोबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते भिंतींकडे बघत होते. यंत्रांकडे बघत होते. मधेच थांबून कान देऊन ऐकत होते. काय ऐकतोय हा माणूस? माझं वय?

आजींना चालवेना. दोन पावलं टाकली की थांबायच्या. मग त्यांनी काय करावं? ओळीतली एक तयार बाबागाडी ओढली, काठी तिच्यात ठेवली, दांडा धरला आणि रिकामी गाडी ढकलत निघाल्या! आणि काय चालल्या हो! तुरुतुरु. साहेब मला कानात म्हणतात, "ब्रेक तपासलाय ना तिचा?" मला काय ठाऊक! ती बाळासाठी केलेली, मालकांसाठी थोडीच!

आलो रंगखात्यात. माझं राज्य. आणि मी मूर्ख, कौतुकानं त्यांना थेट भट्टीपाशी घेऊन गेलो. भट्टीचं दार उघडलं, गरम झोत आला, आणि मी सांगतोय, "इथं रंग असा पक्का बसतो, असा पक्का बसतो, की कितीही पाणी लागो, कधी उतरत नाही..." आणि बघतो तर सगळे माझ्या कानाकडे बघतायत. काहीतरी ओलं ओलं मानेवरून उतरतंय. हात लावला. बोटं काळीकुट्ट!

काय सांगू तुम्हाला. भट्टीसमोर उभा राहून मी गार पडलो. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग आजी गाडी ढकलत माझ्यापर्यंत आल्या, बाहीतून रुमाल काढला, टाचा उंचावल्या, आणि माझ्या कानामागचा ओघळ पुसला. आमच्या आईनं पुसावा तसा. काहीतरी म्हणाल्या. दुभाषी मुलगी सपाट आवाजात म्हणाली, "तुमचं वय काय?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांचे डोळे मिटलेलेच. मी म्हटलं, "बे... बे... सत्तावन्न."

आजी काही म्हणणार, तोच गळतीवाल्यांनी हात वर केला. आजोबा हळूहळू पलीकडच्या भिंतीपाशी गेले, कान लावला. ती गोदामाची भिंत! आजोबा भिंतीला कान लावून असे उभे, जसा डॉक्टर छातीला लावतो. मग एकेक शब्द मोजत बोलले. मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, या भिंतीमागे कोणीतरी खोकला दाबतंय."

साहेब पुढे धावले, "नाही नाही, ते... तो पंप आहे! जुना पंप आहे!"

मुलीनं ते सांगितलं. आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं मी पंप ऐकलेत. पंप 'आई गं' म्हणत नाही."

आणि त्यांनी दार उघडलं.

आत अंधार. दिव्याचं बटण दाबलं, तर काय दिसलं? खोक्यांच्या थप्प्यांमधे आमची सगळी पिकलेली मंडळी दाटीवाटीनं बसलेली. टक्कल, चष्मे, कवळ्या. जोडकामातला दमेकरी तोंडात टोपी कोंबून लालबुंद झालेला, डोळ्यांतून पाणी. सुतारखात्यातला जाड्या जागा नाही म्हणून जुळ्यांच्या बाबागाडीत बसलेला, आणि त्याला आता उठता येईना! सगळे आमच्याकडे बघतायत, आम्ही त्यांच्याकडे. संपलं, मी म्हटलं. साखळी, गवत, स्टूल. संपलं सगळं. मी मनात मेव्हणे मोजायला लागलो आणि एकही निघेना.

तर आजी आपली बाबागाडी घेऊन सरळ आत शिरल्या. एका खोक्यावर बसल्या, बूट काढले, 'हुश्श' केलं. त्या 'हुश्श'ला दुभाषी लागला नाही. मग बोलल्या. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, सकाळपासून मला नुसती पोरं दाखवताय. बोलावं असं माणूस आत्ता भेटलं. चहा मिळेल का?"

चहा आला. मालक आणि नोकर खोक्यांवर बसून चहा प्यायले. आजी एकेकाला विचारत होत्या, तुझा गुडघा कसा, तुझी पाठ कशी, झोप लागते का. जाड्याला दोघांनी ओढून बाहेर काढला तेव्हा तर खळखळून हसल्या. मला धीर आला. आणि धीर आला की मी बोलतो, हा माझा रोग आहे. म्हटलं, "आजी, राग मानू नका, पण आम्ही तुम्हाला फार घाबरतो. तुम्ही पैसा काढून घेतलात तर आम्ही कुठं जायचं?"

मुलीनं सांगितलं. आजींचा कप खाली आला. काहीतरी म्हणाल्या. मग मुलगी म्हणाली, तशीच सपाट, "मला तुमची भीती वाटते."

मी मुलीला म्हटलं, "अगं, माझी कसली भीती? मी रंगखात्यातला..."

"मला नाही. त्यांना. त्या म्हणतात, मला मूलबाळ नाही. दर महिन्याच्या शेवटी मी पलंगावर पडून विचार करते, की कुठंतरी लांब, मी कधी न पाहिलेली माणसं आहेत. ती उद्या सकाळी कामावर जातील ना? त्यांनी हात खाली ठेवले, तर माझी खोली गरम कोण ठेवणार? तुमचे चेहरे बघावे म्हणून मी एवढा दुखरा गुडघा घेऊन विमानात बसले."

माझा रेडिओ बंद पडला. आयुष्यात पहिल्यांदा. मी तिला घाबरतोय, ती मला घाबरतेय, आणि मधे एवढा मोठा समुद्र! मग दमेकऱ्यानं टोपी बाजूला ठेवून म्हटलं, "सांगा आजींना, आम्ही जातो. रोज जातो." आजींनी त्याचा हात थोपटला.

सगळे विरघळले. एक माणूस सोडून. गळतीवाले आजोबा दारातच उभे होते, चहा हातात तसाच. म्हणाले, "माझं तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही चांगली माणसं आहात. पण मी पाण्यातला माणूस आहे. पाण्याला चांगलं-वाईट कळत नाही, उतार कळतो. आम्ही कमावते होतो तेव्हा उतार तुमच्या बाजूला होता. आता आम्ही टाकीतून काढतोय, भरणारे कमी झालेत. आणि तुम्ही," गोदामाकडे हात केला त्यांनी, "तुम्हीही उताराला लागलात. पाणी इथं थांबणार नाही. जिथं तरुण लोक आहेत तिथं जाईल."

सुतारखात्यातल्या जाड्यानं विचारलं, "आणि तिथलेही म्हातारे झाले की?"

"आणखी पुढे."

"आणि सगळीकडचे झाले की?"

आजोबांनी कपातला गार चहा बघितला. मग म्हणाले, "तोपर्यंत मी नसेन." आणि चहा पिऊन टाकला.

तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. पण हे वाक्य ऐकून गोदामात भर दुपारी मला थंडी वाजली. कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता हो! दुष्ट असता तर शिव्या घातल्या असत्या. पण तो नुसता ऐकू आलेलं सांगत होता.

पाहुणे गेले. पुढे सगळ्या कारखान्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. काय ठरणार? साहेब खोलीत येरझारा घालतायत. पण साहेबांच्या डोक्यात एक दृश्य घर करून बसलं होतं: आजी, रिकामी बाबागाडी, तुरुतुरु. त्यांनी तसाच एक नमुना करायला घेतला. दांडा उंच, चाकं रुंद, हातात ब्रेक, पुढे पिशवी, आणि दमलं तर बसायला छोटी बैठक. आम्ही तिचं नाव ठेवलं आजोबागाडी. रंग मी स्वतः दिला, आणि या वेळी खरंच पक्का दिला. नमुना धाडला तिकडे आजींना.

आणि उत्तर आलं! पाच जणांनी मत दिलं. तीन म्हणाले ठेवा, दोन म्हणाले काढा. ठेवा म्हणणाऱ्यांत आजी. काढा म्हणणाऱ्यांत गळतीवाले. अट एकच, बाळांच्या गाड्या कमी करा, म्हाताऱ्यांच्या वाढवा. आणि दर वर्षी पुन्हा मत घेणार.

आता आम्ही आजोबागाड्या करतो. त्या तिकडे जातात. तिकडचे म्हातारे त्या पेन्शनमधून विकत घेतात. ते पैसे आमच्या कारखान्यात येतात. त्यातून नफा तिकडे फंडात जातो. फंडातून त्यांना पेन्शन मिळते. त्यातून ते गाडी घेतात. मी हिशेबातल्या बाईंना म्हटलं, "बाई, मग पैसा शेवटी राहतो कुठं?" तर त्या म्हणाल्या, "राहत नाही. फिरतो म्हणून तर आपण जेवतो." मला चक्कर आली. मी भट्टीपाशी जाऊन बसलो. तिथं निदान काय कुठून आत जातं आणि कुठून बाहेर येतं ते दिसतं.

पण तीन विरुद्ध दोन! कळतंय का तुम्हाला? एक मत! आणि ते मत कोणाच्या गुडघ्यावर उभं आहे? साहेब दर महिन्याला आजींना फोन लावतात, पडद्यावर त्या दिसतात, गाडीबद्दल तक्रारी सांगतात, ब्रेक करकरतो, पिशवी लहान आहे. आणि आम्ही सगळे साहेबांच्या पाठीमागे गर्दी करून उभे, गाडीकडे कोण बघतोय, आजींचा रंग बघतोय! बारीक दिसतात का? आवाज बसलाय का? एकदा त्यांना ठसका लागला, तर जोडकामाची अख्खी पाळी कामावरून उठून आली. तिकडे बर्फ पडला की इकडे जेवणाच्या हॉलमध्ये कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. दमेकरी, जो स्वतः चार जिने चढू शकत नाही, तो म्हणतो, "आजींना सांगा, स्वेटर घाला." आणि आजी ऐकतात का? मागच्या महिन्यात कळलं, शिडीवर चढून खिडक्या पुसतात! शिडीवर! मी साहेबांच्या खांद्यावरून पडद्यात ओरडलो, "आजी, खाली उतरा!" त्या तेव्हा खुर्चीत बसल्या होत्या, ते सोडा. घरी लेक विचारते, "बाबा, माझ्या तब्येतीची इतकी काळजी कधी केलीत?" मी म्हटलं, "बाळा, तू तरुण आहेस, तुझ्यावर अजून कोणाचं पोट नाही." आणि मग माझ्याच लक्षात आलं, तिचं वय वाढेल, मी काढायच्या बाजूला जाईन, मग सगळं ओझं तिच्यावरच की... आणि त्या रात्री काही मला झोप लागली नाही. तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. पण घाबरायच्या जागा किती वाढल्यात!

आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, परवाचा फोन. आजी पडद्यावर आल्या. केस विंचरलेले, गळ्यात माळ, गाल गुलाबी. दमेकरी म्हणाला, "ताप आहे ताप!" ताप नव्हता. मुलगी सपाट आवाजात म्हणाली, "त्या म्हणतात, मी लग्न करतेय."

आम्ही टाळ्या वाजवल्या! जाड्यानं शिट्टी मारली! एकटी बाई, सोबत झाली, पडली-झडली तर उचलायला माणूस आला, आम्हाला आनंदच झाला की हो. साहेब म्हणाले, "अभिनंदन, अभिनंदन! नवरदेव कोण?"

आणि पडद्याच्या कडेनं एक उंच माणूस वाकून आत आला. गळतीवाले! म्हणे, विमानात शेजारी बसून परत जाताना सबंध प्रवासभर आमच्यावरूनच भांडत होते दोघं. ठेवा, काढा, ठेवा, काढा. आणि भांडता भांडता जमलं!

आलं का ध्यानात? आता दोघं एका घरात. एका टेबलावर सकाळचा चहा. रोज सकाळी तो माणूस तिला हळू आवाजात सांगणार, उतार बदललाय, उतार बदललाय... आणि वर्ष संपत आलंय, पुन्हा मत घ्यायची वेळ आलीय. ती त्याला वळवणार की तो तिला? एक मत इकडचं तिकडे झालं की आम्ही...

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणाले, "रेडिओ, तुमच्या संसाराला इतकी वर्षं झाली. मी एकटा माणूस, मला यातलं कळत नाही. खरं सांगा, लग्न झाल्यावर मत बदलतं ते कोणाचं? नवऱ्याचं की बायकोचं?"

मी म्हटलं, "साहेब, आत्ता कसं सांगू? घरी जाऊन हिला विचारतो, ती जे म्हणेल ते उद्या सकाळी येऊन सांगतो."